विसावं पत्र

२ सप्टेंबर १९८७, वाशी

दिलीपला बँकेतून मिळालेली ही डायरी आठ महिने कपाटावर कोरी पडून होती. म्हटलं, इस्त्रीचे कपडे टिपून ठेवण्यापेक्षा बरा उपयोग करावा. ऑफिसात मशीनची नोंदवही आहेच, पण तिच्यात कोणत्या वेळी कोणती कमांड दिली एवढंच लिहायचं असतं. कोणाचा राग आला ते लिहायला तिच्यात रकाना नाही.

आज राग गुप्ते साहेबांचा. कॉम्प्युटर येऊन दोन महिने झाले, मी एकटीने प्रोग्रॅम लिहून तयार केला, आणि साहेब म्हणतात, "सुनीतीबाई, पुढच्या आठवड्यात पितृपक्ष लागतोय. खरं काम आता घटस्थापनेनंतर. तोवर तुमची चाचणी काय ती चालू द्या." मशीनला पितृपक्ष कसला, असं मी विचारणार होते. पण साहेबांच्या टेबलावर काचेखाली पंचांग असतं आणि त्यावर कोणाचं काही चालत नाही.

काम तसं सरळ आहे. उरणच्या बाजूला ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या मुलांना गोदामातल्या कामाचं शिक्षण द्यायचं. छाननीनंतर चारशे बारा मुलं उरली आहेत. त्यांना मुलाखतीची पत्रं जायची. मजकूर छापखान्यातून मराठीत छापून आला आहे, मशीनने फक्त नाव, पत्ता, जन्मतारीख आणि मुलाखतीची तारीख ठोकायची.

५ सप्टेंबर

आज मशीनच्या पोटात दोन बाजू केल्या. एक चाचणी, एक चालू. चाचणीत कितीही धुडगूस घाला, कोणाच्या केसाला धक्का लागत नाही. चालू म्हणजे खरी नावं, खरी पत्रं. बाकीच्या कमांड दोन्हीकडे त्याच. आधी फक्त मशीनला सांगायचं की आपण कुठे आहोत: 'बाजू टी' दिली की चाचणी, 'बाजू सी' दिली की चालू. एकदा सांगितलं की बंद होईपर्यंत ते धरून बसतं.

साहेब पाठीमागे उभे होते. म्हणाले, "आणि काहीच सांगितलं नाही तर?"

"तुम्ही म्हणाल ते."

"मग चालूच ठेवा. उद्या तुम्ही रजेवर असलात आणि लाइट जाऊन आले, तर मी काय इथे टी-सी करत बसू?"

दोन मिनिटांचं काम होतं, करून टाकलं.

माणसाला मात्र विसर पडतो. म्हणून कमळाकरकडून पुठ्ठ्याचं कार्ड करून घेतलं. एका बाजूला हिरवा रंग, म्हणजे चाचणी. दुसर्‍या बाजूला लाल, म्हणजे चालू. पडद्याच्या वर दोरीने टांगलं आहे. बाजू बदलली की कार्ड उलटायचं. कमळाकर हा आमच्या मशीनच्या खोलीचा शिपाई. पंचविशीचा, खाडीकाठच्या वाघखार गावचा, आणि या ऑफिसात सांगितलेलं काम पहिल्या फटक्यात नीट करणारा मी सोडून दुसरा इसम.

१० सप्टेंबर

चाचणीला नावं हवीत. खरे अर्जदार चाचणीत घ्यायचे नाहीत हा माझा नियम आहे, चुकून कोणाला पत्र गेलं तर नसती आफत. मी मनाने वीस नावं लिहिली, तर सगळे आमच्या सातार्‍याच्या शाळेतले निघाले आणि पत्ते सगळे सोमवार पेठेतले. इथल्या गावांची लांबलचक नावं कागदावर बसतात का, तेच तर बघायचं होतं. कमळाकरला समोर बसवलं. म्हटलं, गाव खरं सांग, नाव काहीही ठोकून दे.

त्याने दोन सांगितली आणि अडला. "खोटा नाव तोंडात येत नाय, मॅडम. मेलेल्यांची सांगू?"

मला हसू आलं. म्हटलं, सांग, मेलेले तक्रार करत नाहीत. जेवताना दिलीपला हे सांगितलं, तोही हसला.

मग आधीची दोन खोडून त्याने भराभर एकोणीस नावं सांगितली. मी विचारलं नव्हतं तरी प्रत्येकाचं कारणही सांगत होता. एकाला पान लागलं, म्हणजे साप चावला, एक काविळीने, एक खाणीत, एक म्हातारा नुसताच झोपला. जन्मतारखा मी मनाने टाकल्या. विसाव्याला तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला, मग म्हणाला, "घरत धर्मराज बाळाराम." याची जन्मतारीख मात्र त्याला पाठ होती. अकरा जून चौसष्ट. दहावी पास, दुसर्‍या वेळी. "हा कशाने?" मी विचारलं, तेवढ्यात फोन वाजला आणि ते राहून गेलं. कमळाकरही घरतच आहे, पण त्याच्या गावात अर्धे घरत आणि अर्धे म्हात्रे, त्यामुळे आडनावावरून काही कळत नाही.

१७ सप्टेंबर

रोज वीसच्या वीस पत्रं छापायची, चुका शोधायच्या, फाडायची. सकाळी कणीक मळताना तोंडात आपोआप ती यादी सुरू झाली. भोईर, घरत, घरत, म्हात्रे. दिलीप म्हणाला, हा कोणता नवा मंत्र? मी गप्प झाले, पण हात त्याच तालावर चालत राहिले.

कमळाकर दोन दिवसांआड विचारतो, "ती यादी हाय ना अजून?" मी म्हणते, आहे बाबा, चाचणीत कुणी मरत नाही. त्याला मशीनची गोडी लागलेली दिसते.

२२ सप्टेंबर

सर्वपित्री. दिवसभर मेलेल्यांची पत्रं छापली. अकाउंट्सच्या जयमालाबाई खिरीचा डबा घेऊन आल्या होत्या, दाराशीच थांबल्या. "आजच्या दिवशी हे कसलं काम करता हो," म्हणाल्या. मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही, खीर खाल्ली.

संध्याकाळी कमळाकरने शेवटचं पत्र हातात धरून विचारलं, "हा एक कागद घेऊ?" मी नाही म्हटलं. चाचणीचा कागद बाहेर जाता कामा नये, नियम तो नियम. त्याने तो घडीवरून सरळ रेषेत फाडला. इतर एकोणीस तो मुठीत चुरगळतो, म्हणून लक्षात राहिलं.

२९ सप्टेंबर

आज पहिल्यांदा कार्ड लाल केलं. 'बाजू सी' दिली आणि चारशे बारा खरी नावं चालूत भरली. कमांड देण्याआधी दोनदा वाचली हे इथे कबूल करते, तिथे कोणाला दिसू दिलं नाही. मग 'बाजू टी' देऊन कार्ड परत हिरवं केलं.

१ ऑक्टोबर

खंडेनवमी. कारखान्यात यंत्रांची पूजा होते तर कॉम्प्युटरची का नको, असं साहेबांचं मत. हळदी-कुंकवाची पूड आत गेली तर पूजा मलाच निस्तरावी लागेल, असं माझं मत. तडजोड झाली. मशीन पूर्ण बंद करायचं, वर प्लास्टिक टाकायचं, मग काय ते करा. ऑगस्टपासून ते एकदाही बंद झालं नव्हतं. बंद केल्यावर खोली इतकी शांत झाली की खालच्या बसचा आवाज येऊ लागला. साहेबांनी झेंडूचा हार घातला, कार्डालासुद्धा कुंकवाचं बोट लावलं.

३ ऑक्टोबर

मशीन सुरू केलं. हार तसाच होता, काढवेना. त्याच्याआड कुंकू लागलेलं हिरवं कार्ड. बरं वाटलं.

एका लांब पत्त्याची शेपूट कापली जात होती ती दुरुस्त केली. मग खात्री म्हणून आमच्या वीस मयतांना पुन्हा एकदा भरलं. पडद्यावर आलं, 'वीस नोंदी भरल्या.' तेवढ्या वीसच छापून पाहिल्या, शेपटासकट सगळं बसलं. कार्ड लाल केलं, 'बाजू सी' देऊन दुरुस्त प्रोग्रॅम चालूवर चढवला, पुन्हा 'बाजू टी', पुन्हा हिरवं. नोंदवहीत सगळं वेळेसकट लिहिलं. एवढी शिस्त असली की चूक व्हायला जागाच राहत नाही.

२६ ऑक्टोबर

दिवाळी आटोपली, आज पत्रं निघाली. छपाईयंत्र दिवसभर करकरत होतं. कमळाकर घड्या घालून पाकिटात भरत होता. शेवटी वीस पाकिटं कमी पडली. मी मोजून चारशे बारा आणवली होती, म्हणून त्याला बोलले. म्हटलं, कुठे उडवलीस? एरवी लगेच उत्तर देणारा माणूस, आज मान खाली घालून गेला आणि स्टोअरमधून वीस पाकिटं घेऊन आला. संध्याकाळी पोती पोस्टात टाकून आला.

४ नोव्हेंबर

एक पत्र परत आलं. पाकिटावर पोस्टमनने लिहिलं होतं, 'मालक मयत, परत.' अर्ज केल्यानंतर वारला असेल बिचारा, म्हणून बाजूला ठेवलं. आडनाव भोईर.

५ नोव्हेंबर

आज पाच. पाचही मयत. सगळ्यांवर एकच अक्षर, एकाच पोस्टमनचं. एकावर त्याने जागा काढून लिहिलंय, 'हा इसम सहा वर्षांमागे सर्पदंशाने वारला आहे.'

मी ते पाकीट टेबलावर ठेवलं आणि बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. पान लागलेला तो. ही नावं माझीच आहेत. कणकेतली नावं.

पहिला संशय आला तो कमळाकरचा. खोटं कशाला लिहू, दहा मिनिटं मी त्याला मनातल्या मनात निलंबितसुद्धा केला. मग नोंदवही उघडली. तीन ऑक्टोबर, सकाळी दहा वीस, मशीन सुरू. दहा पस्तीस, वीस नोंदी भरल्या. या दोन्हींच्या मध्ये 'बाजू टी' कुठेही नाही. मशीन बंद होऊन सुरू झालं होतं आणि काही सांगितलं नाही की ते चालूत येतं. तसं मीच करून ठेवलं आहे. मी कार्ड बघितलं. कार्ड हिरवं होतं. मशीन काही कार्ड बघत नाही.

६ नोव्हेंबर

'बाजू सी.' तीनदा वाचून कमांड दिली. वीस नावं चालूतून काढली. मुलाखतीच्या यादीत आता चारशे बाराच आहेत. साहेबांना सांगितलेलं नाही. सगळी पाकिटं परत आली की प्रश्नच मिटतो, कोणाचं काय बिघडलं? आज आणखी सहा आली.

९ नोव्हेंबर

सोळा. टपाल येतं सव्वाअकराला. अकरापासून माझं कशात लक्ष लागत नाही. जिन्यावर पावलं वाजली की मी खण उघडून ठेवते. मेलेली माणसं एकेक करून परत येतात आणि माझ्या खणात जाऊन बसतात. एका पाकिटावर त्या पोस्टमनने लिहिलंय, 'कृपया मयतांस पत्रे पाठवू नयेत, घरचे रडतात.'

हे मी दिलीपला वाचून दाखवलं नाही. तो हसला असता तर मला सहन झालं नसतं.

१२ नोव्हेंबर

एकोणीस आली. एक नाही.

खण उघडून दारामागे बसून जुळवली. नाही आलेलं नाव घरत धर्मराज बाळाराम, वाघखार. मुलाखत शुक्रवार, वीस नोव्हेंबर, सकाळी दहा. पत्र परत आलं नाही म्हणजे कुणीतरी घेतलं. मेलेल्याचं पत्र कोण घेतं?

कमळाकरला सगळं सांगितलं. म्हटलं, तुझ्याच गावचा आहे, त्या घरी जाऊन पत्र घेऊन ये, माझी चूक झाली म्हणून सांग. तो ऐकत राहिला. "बघतो," म्हणाला. मी विचारलं, कोण आहे त्या घरी? "आय हाय त्याची," म्हणाला आणि चहाचे कप उचलून गेला.

१४ नोव्हेंबर

"गेला होतास?" "नाय जमला, मॅडम." माझा पारा चढला. एवढं साधं काम.

१५ नोव्हेंबर, रविवार

स्वतः जायचं ठरवलं. दिलीपला मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगितलं. उरणच्या बसच्या थांब्यावर उभी राहिले. एक बस आली, गेली. दुसरी आली. पाय उचलला नाही. तुमचा मुलगा मेलाय हे आम्हाला माहीत होतं, म्हणूनच आम्ही त्याचं नाव घेतलं, असं दारात उभं राहून कसं सांगायचं? मला कसलीच भीती वाटत नाही असं मी माहेरी आणि सासरी सगळ्यांना पटवून ठेवलं आहे. मी भित्री आहे. दोडकी घेऊन घरी आले.

१८ नोव्हेंबर

मुलाखती सोमवारपासून सुरू आहेत. रोज ऐंशीच्या वर मुलं. व्हरांड्यात बाकं टाकली आहेत. हेडक्लार्क बाजीराव दारात उभे राहून नाव पुकारतात. पद्धत अशी की नाव तीनदा पुकारायचं. तिसर्‍यांदाही कोणी उठलं नाही तर नावापुढे गैरहजर लिहायचं. बाजीरावांचा आवाज काच बंद असूनही माझ्या खोलीत येतो. दर नावाला मी कान टवकारते. ते नाव यादीत नाही, मीच काढलं आहे, तरी टवकारते.

२० नोव्हेंबर

नऊ वाजता मी जिना चढले तेव्हा बाकाच्या टोकाला एक बाई बसली होती. साठीची असावी, कदाचित कमीही. गुडघ्याच्या वर कासोटा घातलेलं जुनं लुगडं, मांडीवर प्लास्टिकची पिशवी. शेजारची जागा तिने फडकं टाकून अडवून ठेवली होती. मुलं आली, बाकं भरली, तरी त्या फडक्यावर तिने कोणाला बसू दिलं नाही.

मी काचेतून बघत होते. मला कळलं होतं. नऊ वाजताच कळलं होतं, पण दिवसभर मी छपाईयंत्राची फीत बदलत बसले. कमळाकरही आज कामचुकारपणा करत होता. व्हरांड्यात फिरकला नाही. मुलांना पाणी द्यायला दुसर्‍या शिपायाला पाठवलं.

जेवणाच्या सुट्टीत तीच दारात आली. चपला बाहेर काढून.

"बाय, माज्या पोराचा नाव कवा येल?"

तिने पत्र दिलं. तीन घड्या, कोपर्‍यावर हळदीचं बोट. देवापुढे ठेवलं होतं ते.

"मुलगा कुठे आहे?" मी विचारलं. मला माहीत असून विचारलं.

"येल तो. तीन वरसं झाली, होडी आली, तो नाय आला. गाव बोलते, काशे, दिस घाल त्याचं, तेरावा कर. कशी घालू? कोनी बघला काय त्याला? या कामाचा त्याला लई नाद होता. चारदा अर्ज लिवला त्यानी. आता तुमी बोलवलाय. कुटं पन असूं दे, ऐकून येल." पिशवी उघडून तिने दाखवलं. शाळेचा दाखला, भाकरीचा डबा, आणि परटाकडून कडक इस्त्री करून आणलेला पांढरा शर्ट. "वाटेतनं कसा पन येल ना. हितं बदली करल."

मी म्हटलं, बसा मावशी. ती जाऊन बसली.

चारला शेवटचा मुलगा आत गेला. पाचला बाजीराव यादी बगलेत मारून निघाले. व्हरांड्यात ती एकटी, फडकं अजून अंथरलेलं. मी बाहेर गेले आणि तिच्यासमोर उभी राहिले. वाक्य तयार करून आणलं होतं. मावशी, हे पत्र चुकून गेलं. एवढंच. "मावशी," मी म्हटलं.

मागून आवाज आला. "आय, चल. शेवटची गाडी चुकल."

कमळाकर जिन्याच्या तोंडाशी उभा होता.

तीन आठवडे मी त्या माणसाला समोर बसवून त्याच्या भावाची पत्रं छापली आणि त्याच्या हातांनी फाडून घेतली.

तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. "थांब. नाव नाय घेतला अजून." मग मला म्हणाली, "सगल्यांचा घेतला, बाय. त्याचाच नाय घेतला. घ्या ना."

मी कमळाकरकडे पाहिलं. मी आता तिला काय सांगणार हे त्याला कळलं असणार. त्याने मान हलवली. नको.

बाजीराव जिथे उभे राहतात तिथे जाऊन मी उभी राहिले. "घरत धर्मराज बाळाराम." माझा आवाज मलाच परका वाटला. ती जिन्याकडे बघत राहिली. दुसर्‍यांदा पुकारलं. खाली कोणाचीतरी पावलं वाजली. ती अर्धी उठली, मीही श्वास धरला. मी, जी भुतांवर विश्वास ठेवत नाही. वॉचमन दिवे लावायला आला होता. तिसर्‍यांदा पुकारलं.

मग तिने फडकं उचललं, झटकलं, शर्टावर गुंडाळलं.

"कामाला बोलवला नि आला नाय, असा तो नव्हता," ती म्हणाली. "असता तर आला असता. कमळाकर, घाल त्याचं दिस."

पत्र तिने माझ्या हातात दिलं. "हा ठेवा बाय. तुमचा कागद हाय." आणि मुलाच्या खांद्यावर हात ठेवून एकेक पायरी उतरत गेली. विसावं पत्र परत आलं.

२१ नोव्हेंबर

सकाळी लवकर जाऊन पहिलं काम मशीनचं केलं. आता काहीच सांगितलं नाही तर ते कुठेही जात नाही, विचारतं, 'कोणती बाजू?' आणि उत्तर मिळेपर्यंत थांबून राहतं. पुठ्ठ्याचं कार्ड काढून टाकलं. हे पाच सप्टेंबरला केलं असतं तरी दोनच मिनिटं लागली असती.

मग गुप्ते साहेबांना लेखी कबुली लिहायला घेतली. 'तीन ऑक्टोबर रोजी माझ्या चुकीमुळे चाचणीतील वीस नावे' असं लिहिलं आणि थांबले. विसावं चुकून गेलं असं कागदावर आलं, तर आज ना उद्या ते वाघखारला पोचणार. मग काल जे झालं ते काय झालं? तिने काल जे मानलं ते माझ्या चुकीवर उभं आहे, आणि चूक काढून घेतली तर पुन्हा रोज संध्याकाळी ती खाडीकडे तोंड करून बसणार. वीस खोडून एकोणीस लिहिलं. साहेबांनी वाचून सांगितलं की नोंद सेवापुस्तकात जाईल. मी म्हटलं, जाऊ द्या. आयुष्यात पहिल्यांदा मी नोंदीत जाणूनबुजून चुकीचा आकडा लिहिला आहे.

अकराला कमळाकर आला. डोकं भादरलेलं होतं. पंधरा दिवसांच्या रजेचा अर्ज घेऊन उभा राहिला. मी खुर्ची दिली, तो बसला नाही.

"पाकिटं भरताना तुला नाव दिसलं होतं," मी म्हटलं.

"हो."

"मग बाजूला का नाही काढलंस? मला का नाही सांगितलंस?"

"घरी तो मेला बोलायची सोय नाय, मॅडम. आय पान वाढते त्याचा रोज. म्हनून हितं बोललो, तुमच्या यादीत. मेलेल्यांत घातला त्याला, तर जरा हलका वाटला. मंग त्यादिवशी त्याचा नाव छापून आला, बोलवल्याचा. तीन वरसांत पहिला खरा कागद त्याच्या नावाचा. चाचणीची पत्रां तुमी बोलता म्हनून फाडली. हा नाय टाकवला माज्याच्यानं, नि बाकीची काढली असती तर हा पन काढाय लागला असता." मग म्हणाला, "मना पन वाटला, कदाचित येल."

मी त्याच्या हातातून अर्ज घेतला. छापील नमुना आहे, रकाने भरायचे. रजेचं कारण: भावाचं निधन. मयताचं नाव त्याने पूर्ण लिहिलं होतं. त्याखाली रकाना, निधनाची तारीख. तिथे त्याने कालची तारीख लिहिली होती. वीस नोव्हेंबर सत्त्याऐंशी.

धर्मराजची जन्मतारीख मी कितीतरी वेळा छापली, एक आकडा इकडचा तिकडे होऊ दिला नाही. ही दुसरी तारीख चूक आहे हे या ऑफिसात फक्त आम्हा दोघांना ठाऊक आहे. कमळाकर माझ्या पेनाकडे बघत होता. मी शिफारशीच्या जागी सही केली.